आधी जायंट, मग हीलर

‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ २०१२ साली फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने आणला. त्यात हरलं की मुलं ‘जेम्स’ विकत घ्यायला पैसे मागतात. पण पुष्कळदा पैसे कमी पडलेले नसतात, हीलर चुकीच्या वेळी सोडलेली असते.

हीलर उडते, पण स्वतः वार करत नाही. जमिनीवर लढणाऱ्या आपल्या सैनिकांच्या जखमा ती भरते, उडणाऱ्यांच्या नाही. म्हणून आधी जायंट सोडा. ते पुष्कळ मार सोसतात, त्यामुळे हीलरला बरं करायला वेळ मिळतो. ते पुढे सरकले की मागून हीलर सोडा. बार्बेरियनसारखे कमी ताकदीचे सैनिक तिने हात लावण्याआधीच पडतात.

एअर डिफेन्स हा तिचा मोठा शत्रू. तो कुठे आहे ते हल्ल्याआधी पाहा आणि त्याच्यापासून लांबच्या बाजूने शिरा. छावणीत जायंटला ५ जागा लागतात, हीलरला १४. म्हणून हीलर मोजक्याच घ्या.

हे मुलांसोबत बसून करून बघा. आणि फोनवरच्या खरेदीला पासवर्ड लावायला विसरू नका.