घोडे दोनशे ऐंशी, लगाम जुनाच!

तरुण माणसाला जुन्या गाडीचे वेड लागले की घरच्यांना दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. रविवारी तो घरात असूनही नसतो आणि धुवायच्या कपड्यांना ऑइलचा वास येतो. एवढ्यावर भागले तर उत्तमच! माझ्या पनवेलच्या भाच्याचे मात्र भागले नाही. त्याच्याकडे ‘सॅन स्टॉर्म’ आहे; गोव्यात तयार झालेली, दोन माणसांची, फायबरच्या अंगाची चिमुकली स्पोर्ट्स कार. तिचे रेनॉ इंजिन ११४९ सीसीचे, ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. ते काढून टोयोटा सुप्राचे ट्विन-टर्बो इंजिन बसवायचे आणि त्यासाठी मुलीच्या नावची ठेव मोडायची, असा बेत त्याने वहीत मांडला. मोरा बंदरावर आमचे आयुष्य गेले, होड्यांची इंजिने चढता-उतरताना पाहिली. म्हणून ही वही मामाकडे आली.

हे इंजिन आहे खरेच देखणे. १९९३ च्या सुप्रात ते आले. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो. जपानात त्याची जाहीर ताकद २८० अश्वशक्ती. कारण याहून मोठा आकडा सांगायचा नाही, असे तिथल्या कंपन्यांनी तेव्हा आपसांत ठरवले होते. टर्बोची युक्ती सोपी आहे. इंजिनातून फुकट जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात.

भाच्याला वाटते, टर्बो ही मोटारींची मिरास. खरे तर आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने तिचे पेटंट घेतले १९०५ साली आणि १९२० च्या दशकात ती जहाजांवर पोचली. विक्रीच्या मोटारीत ती आली थेट १९६२ साली, अमेरिकेत. म्हणजे या बाबतीत समुद्र मोटारींच्या पुढे होता. आणि समुद्र जे शिकवतो, ते वहीत कुठेच नव्हते.

होडीत मोठे इंजिन घालायचे म्हटले की जाणता तांडेल आधी इंजिनाकडे पाहतच नाही. तो पाहतो इंजिनाची बैठक, गिअर, शाफ्ट आणि पंखा. एवढा जोर लाकूड सोसेल का? पंख्याला तो पाण्यात उतरवता येईल का? शिवाय पाण्याचा स्वतःचा एक कायदा आहे. पाण्यावर टेकलेली लांबी ३६ फूट असेल, तर पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग साधारण ८ नॉट्सच्या, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास अडतो. त्यापुढे दुप्पट घोडे जुंपले तरी वेग थोडासाच वाढतो. डिझेलची टाकी मात्र भराभर रिकामी होते. आणि ओहोटीला गाळात पाणी उरले नाही, तर कितीही अश्वशक्तीच्या लाँचला भरतीचीच वाट पाहावी लागते.

हाच हिशेब रस्त्यावर लावू या. स्टॉर्मला पुढची चाके ओढतात, तर सुप्रात इंजिन उभे बसते आणि मागच्या चाकांना जोर देते. म्हणजे इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल, चेसिस, रेडिएटर, पेट्रोलचा पंप, वायरिंग सगळेच बदलले. जुने उरले काय? नावाची पाटी! त्यात ब्रेकचा हिशेब तर निर्दयच असतो. वेग ६० वरून १२० केला, की थांबवायची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. बोरघाट उतरताना ती सारी उष्णता छोट्या ब्रेकांच्याच माथी येणार.

पुढे कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावले. त्याच जातीचे, त्याच इंधनाचे इंजिन परवानगीने बदलणे वेगळे आणि ६० च्या जागी २८० जुंपणे वेगळे. अशी गाडी रस्त्यावर आणली तर नोंदणी अडचणीत येते. अपघात झालाच, तर विमा कंपनी दाव्याला नकार देऊ शकते आणि समोरच्या निरपराध माणसाचे नुकसान कोण भरून देणार?

म्हणून माझा सल्ला वहीत उलट्या क्रमाने लिहिला. आधी ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि रेडिएटर ठाकठीक करावेत. मग जुने रेनॉ इंजिन कुशल मेस्त्रीकडून पूर्ण उघडून बांधून घ्यावे. हलक्या गाडीत निरोगी ६० घोडेही मजेने धावतात. दोनशे ऐंशीची हौस फिटतच नसेल, तर तशी वेगळी गाडी बांधावी, ट्रेलरवर चढवावी आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर पळवावी. तिथे समोरून एसटी येत नाही.

हौसेला मोल नसते म्हणतात, ते खरे. पण मोल देणारा पुष्कळदा दुसराच असतो. या गाडीत जागा दोघांची आणि घरात माणसे तीन. ज्या तिसरीला त्या गाडीत जागाच नाही, तिच्या ठेवीवर ते इंजिन चढणार होते. हिशेबाची ही ओळ मी वहीत सर्वांत वर लिहिली आणि तिच्याखाली ठळक रेघ मारली.