दुधांतलें माशांचें सार

माशांच्या जेवणावर दूध पिऊं नये, अशी ताकीद महाराष्ट्रांतील पुष्कळ मुलांना लहानपणींच मिळते. तिला जुन्या वैद्यकाचा आधारहि आहे. चरकसंहितेंत विरुद्ध आहाराचें उदाहरण म्हणून मासे व दूध यांचा उल्लेख आलेला आहे. अशा घरांत अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील ‘चाउडर’ या पदार्थाची कृति कोणी वाचून दाखविली, तर वडीलधाऱ्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडाव्या, यांत नवल नाहीं. कारण चाउडर म्हणजे मासे, कोळंबी किंवा शिंपले यांचें दूध व साय घालून केलेलें दाट सार होय. न्यू इंग्लंड या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या भागांत तें पिढ्यान् पिढ्या घरोघर शिजत आलें आहे. तेव्हां या साराविषयींचें भय खरें किती आणि खोटें किती, हें पाहणें अगत्याचें आहे.

चाउडर हा श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांतून निघालेला पदार्थ नव्हे. फ्रेंच भाषेंत हंड्याला ‘शोदिएर’ म्हणतात. त्यावरून हें नांव पडलें, असें बहुतेकांचें मत आहे. गलबतावर जें हाताशीं असे, तेंच हंड्यांत पडे: खारविलेलें डुकराचें मांस, कांदा, ताजा मासा आणि खलाशांचीं दगडासारखीं टणक बिस्किटें. बिस्किटें भिजून विरघळलीं म्हणजे साराला दाटपणा येई. १७५१ सालीं बॉस्टनच्या एका वृत्तपत्रानें पद्यरूपानें छापलेल्या कृतींत दूध नाहीं आणि बटाटाहि नाहीं. हे जिन्नस रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकांत. १८५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरींत हर्मन मेलव्हिल यानें नॅन्टकेट बेटावरील एक खाणावळ रंगविली आहे. तेथें तिन्ही त्रिकाळ चाउडरच मिळे. निवड काय ती शिंपले कीं कॉड मासा एवढ्यापुरतीच!

पुढें न्यूयॉर्ककडील लोक दुधाऐवजीं टोमॅटो घालूं लागले, आणि न्यू इंग्लंडच्या लोकांना तें इतकें झोंबलें कीं, १९३९ सालीं मेन राज्याच्या विधिमंडळांत एका सभासदानें चाउडरमध्यें टोमॅटो घालण्यास बंदी करणारें विधेयक मांडलें. ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी असली, तरी दूध आणि टोमॅटो यांचें एका भांड्यांत जमत नाहीं, हें मात्र खरें आहे. दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन सूक्ष्म कणांच्या रूपानें तरंगत असतें. आंबटपणा वाढला कीं हे कण एकमेकांना चिकटतात व दूध फाटतें. कढत दुधाला तर थोडीशी आंबटहि सोसत नाहीं. म्हणून या सारांत टोमॅटो, चिंच, कोकम किंवा लिंबू पडतां कामा नये. खळखळून उकळी व जादा मीठ यांचा परिणामहि तसाच होतो. उलटपक्षीं बटाट्यांतील पिष्ट व सायींतील स्निग्धांश हीं दुधाला सांवरून धरतात.

माशाचा स्वभावहि असाच नाजूक आहे. बकऱ्याच्या मांसांतील धागे लांब व चिवट असतात. माशाचें मांस आंखूड थरांचें असून मधले पडदे अगदीं पातळ असतात. सुमारें ६० अंश सेंटिग्रेड उष्णतेला तें शिजून थराथरांनीं सुटूं लागतें, आणि त्यापुढें आंच लागत राहिली तर कोरडें पडतें. यावरून एकच नियम निघतो: ज्याला वेळ लागतो तें आधीं, जें चटकन् बिघडतें तें शेवटीं.

चार माणसांपुरतें सार करावयाचें तर ४०० ग्रॅम रावस किंवा घोळ, १५० ग्रॅम कोळंबी, वीस-पंचवीस तिसऱ्या, पाव किलो बटाटे, एक मोठा कांदा, दोन मोठे चमचे लोणी, दोन पेले दूध व अर्धा पेला साय घ्यावी. बांगड्यासारखा तेलकट मासा येथें चालत नाहीं. माशाचें डोकें, कांटा व कोळंबीचीं सालें तीन पेले पाण्यांत मंद आंचेवर वीस मिनिटें ठेवून तें पाणी गाळून घ्यावें. तिसऱ्या मिठाच्या पाण्यांत घालून वाळू सोडूं द्यावी. फुटलेल्या व टिचकी मारूनहि न मिटणाऱ्या तिसऱ्या टाकून द्याव्या. उरलेल्या थोड्या पाण्यांत झांकून ठेवाव्या. पांचेक मिनिटांत त्या उघडतात. ज्या उघडत नाहींत त्या फेंकाव्या. गर काढून घ्यावा आणि खालचें पाणी फडक्यांतून गाळून ठेवावें.

लोण्यावर कांदा मऊ करावा, लाल होऊं देऊं नये. त्यांत बटाट्याच्या फोडी व दोन्ही गाळलेलीं पाणीं घालून बटाटे शिजवावे आणि चार-सहा फोडी चेंचून टाकाव्या. त्यानें दाटपणा येतो. मग माशाचे मोठे तुकडे घालावे, दोन मिनिटांनीं कोळंबी सोडावी, आणि ती गुलाबी झाली कीं तिसऱ्यांचा गर घालून आंच अगदीं कमी करावी. दूध व साय वेगळ्या भांड्यांत कोमट करून ओतावी, व यापुढें उकळी येऊं देऊं नये. तिसऱ्यांचें पाणी मुळांतच खारट असल्यामुळें मीठ चाखून शेवटीं घालावें. मिरपूड घालून, वर साधीं खारट बिस्किटें चुरून वाढावें.

आतां भयाविषयीं. मासे व दूध एकत्र खाल्ल्यानें कोड उठतें, हा समज फार रूढ आहे, आणि त्यापायीं कोड आलेल्या मुलीच्या आईला उगाच बोल लागतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यानें कोड होतें. बहुधा शरीराची संरक्षक शक्तीच त्या पेशींवर उलटलेली असते. मासे-दुधाशीं त्याचा संबंध आढळलेला नाहीं. खरा धोका निराळाच आहे. कोळंबी-शिंपल्यांनीं कांहीं जणांच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम कोंडतो. हें जिवावरहि बेततें. म्हणून पाहुण्याला वाढण्यापूर्वीं विचारणें हें यजमानाचें कर्तव्य होय. शिवाय शिंपले समुद्राचें पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म जीवांवर जगतात; कधीं कधीं विषारी जातींची वाढ होऊन तें विष त्यांच्या शरीरांत सांठतें. त्यांतील कांहीं विषें उकळण्यानेंहि जात नाहींत. म्हणूनच न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर तपासणी करून वेळोवेळीं शिंपले काढण्यास मनाई करण्यांत येते. गटारें मिळणाऱ्या खाडींतील तिसऱ्या कितीहि स्वस्त असल्या तरी घेऊं नयेत.

एवढें असूनहि ज्या घरीं जुना नियम मोडवत नाहीं, तेथें दुधाच्या जागीं नारळाचा रस खुशाल घालावा. नारळाचा जाड रस शेवटीं घालावा आणि मग उकळूं नये, हें कोंकणांतील गृहिणीला कोणी शिकवावें लागत नाहीं. बॉस्टनची सुगरण दुधाला जपते तें याच रीतीनें.