चिपाडाची वीज : मॉरिशसचा धडा

आपल्या बेळगाव भागातील साखर कारखान्यांच्या आवारात चिपाडाचे ढीग आपण पाहिले असतीलच. अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मॉरिशसने याच चिपाडापासून वीज केली.

बेटावर ना कोळसा, ना तेल. सारे जहाजाने आणायचे. मग एवढ्याशा देशात भांडवल कोण घालणार? १९९१ मध्ये सरकारने चिपाड-ऊर्जा कार्यक्रम आखला. वीज खरेदीचे दीर्घ मुदतीचे करार झाले, म्हणून उच्च दाबाचे बॉयलर आले आणि तेवढ्याच चिपाडातून अधिक वीज मिळू लागली.

पण गाळप वर्षातून साधारण सहा महिनेच. एरवी त्याच बॉयलरमध्ये आयात कोळसा जळतो. आम्हा डॉक्टरांच्या भाषेत, लक्षण दबले, रोग राहिला.

त्याहून अवघड दुखणे शेतात आहे. २००६ च्या सुधारणांनंतर युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला. अनेक छोट्या शेतकऱ्यांनी ऊस सोडला. ऊस नाही तर चिपाड नाही, आणि चिपाड नाही तर कोळसा अधिक. म्हणून चिपाडाचे मोल शेतकऱ्याच्या हाती किती पडते, यावर तेथील विजेचे भवितव्य अवलंबून आहे. आपल्याकडील ऊसकऱ्यालाही हा हिशेब परका नाही.