घरातील जुनी पाइपलाइन आणि पोटाचे आजार: बेलापूरसारख्या गावातील कुटुंबांसाठी माहिती

एकाच घरात दोघा-तिघांना एकाच आठवड्यात जुलाब सुरू झाले, की आपण आधी आठवतो, काय खाल्लं होतं? हा प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. पाणी कुठून आणि कोणत्या पाइपातून येतं, हेही बघायला हवं. श्रीरामपूर तालुक्यातील प्रवरेकाठच्या बेलापूरसारख्या जुन्या गावांत, वाड्यांमध्ये आणि जुन्या घरांमध्ये नळाची लाइन अनेकदा गटारीच्या बाजूने किंवा मोरीखालून गेलेली असते. आजाराचं मूळ तिथे असू शकतं.

पाइपात घाण शिरते कशी?

नळाला पाणी चालू असताना पाइपात दाब असतो. त्या वेळी गळतीतून पाणी बाहेर जातं. खरा धोका पाणी गेल्यानंतर असतो. पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते आणि ज्या भेगेतून पाणी बाहेर येत होतं, त्याच भेगेतून आजूबाजूचं सांडपाणी आत येतं. दिवसातून तास-दोन तास किंवा एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांत हे पुन्हा पुन्हा घडतं.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. पाणी गेल्यावर नळ उघडून तोटीवर तळहात ठेवा. हात आत ओढला गेला, तर तुमची लाइन ओढ घेते असं समजा. कुठे भेग असेल, तर तिथूनही ती अशीच ओढत असेल.

जुन्या घरांत नेहमी दिसणारे दोष

- गंजलेला लोखंडी पाइप. जस्ताचा मुलामा गेला की पाइप आतून-बाहेरून गंजतो. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं, धार बारीक होते. नुसत्या गंजाने सहसा आजार होत नाही, पण गंजून पडलेल्या भोकातून जंतू शिरतात.
- खड्ड्यातला नळ. दाब कमी म्हणून अंगणात खड्डा करून नळ खाली घेतलेला असतो. खड्ड्यात सांडलेलं पाणी साचतं, तोटी त्यात बुडते आणि पाणी गेलं की तेच पाणी लाइनीत जातं. हा सगळ्यात धोकादायक प्रकार.
- नळाला थेट लावलेली मोटर. मोटर पाण्याबरोबर भेगांमधली घाणही खेचते, तुमच्या आणि शेजाऱ्यांच्याही लाइनीत.
- बादलीत किंवा हौदात बुडालेली नळी. पाणी गेल्यावर तेच पाणी उलटं लाइनीत जातं.
- विहीर किंवा बोअरजवळचा शोषखड्डा. दोघांत किमान 15 मीटर, म्हणजे सुमारे 50 फूट अंतर हवं.
- उघडी टाकी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठ्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. संडासाच्या उभ्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा.

यातून कोणते आजार होतात?

जुलाब, हगवण, कॉलरा, टायफॉइड आणि कावीळ (हेपॅटायटिस ए व ई). कावीळ दूषित पाणी प्यायल्यानंतर साधारण दोन ते सात-आठ आठवड्यांनी दिसते. त्यामुळे महिन्यापूर्वी फुटलेल्या पाइपाशी आजच्या काविळीचा संबंध कुणी लावत नाही. आपल्याच राज्यात इचलकरंजीत 2012 साली दूषित पाण्यामुळे हेपॅटायटिस ईची मोठी साथ आली आणि हजारो लोक आजारी पडले.

घरात गरोदर बाई असेल, तर विशेष सांभाळा. शेवटच्या तीन महिन्यांत हेपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो.

आज काय कराल?

1. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते वापराला सोडा. गढूळ किंवा वास येणारं पाणी पिण्यासाठी भरू नका.
2. शंका असेल, तर पाणी खळखळून उकळा, उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवा आणि झाकून गार करा. उकळल्याने जंतू मरतात, क्षार आणि नायट्रेट मात्र जात नाहीत.
3. उकळणं शक्य नसेल, तर हजार लिटर पाण्याला साधारण 5 ग्रॅम ताजी टीसीएल पावडर पाण्यात कालवून, वरची निवळी टाकीत टाका. किमान अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी निवळू द्या आणि गाळा.
4. टीसीएल पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.
5. माठातून पाणी ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका.

या महिन्यात काय कराल?

प्लंबरला बोलावून गटारीतून जाणारा तुकडा आधी बदला. पैसे कमी असतील, तर सगळी लाइन नको, एवढंच करा. खड्ड्यातला नळ वर घ्या आणि खड्डा बुजवा. मोटर हौदावर लावा, नळावर नाही. दुरुस्तीनंतर लाइन धुऊन घ्या. रस्त्यावरची गळती ग्रामपंचायतीला लेखी कळवा. जलसुरक्षकाकडून नळाच्या पाण्यातील क्लोरीन तपासून घ्या. तपासणी टाकीजवळ नको, तुमच्या नळावर करायला सांगा.

दवाखान्यात कधी जायचं?

जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला (चहाचा चमचा). बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नका.

पुढील लक्षणं दिसली तर थांबू नका: लघवी कमी होणं, डोळे खोल जाणं, सुस्ती, शौचातून रक्त, भाताच्या पेजेसारखे पाण्याचे जुलाब, सतत उलट्या, तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, डोळे पिवळे होणं. काविळीत बडबडणं किंवा गुंगी आली, तर लगेच 108 ला फोन करा. काविळीवर झाडपाल्याचं औषध घेऊन दिवस घालवू नका.

डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा: शेजारीही कुणी आजारी आहे का. एकाच गल्लीत तीन-चार रुग्ण असतील, तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. गोळ्यांनी तुमचा रुग्ण बरा होईल, पण पाइप दुरुस्त झाला तरच पुढचा रुग्ण टळेल.