पोटुशीचं अबोल दुखणं

बुलढाणा जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते. कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बायकांत दिवस गेलेल्याही असतात. बायका आपली दुखणी कोणत्या शब्दांत सांगतात, हे मी गेली काही वर्षं टिपून ठेवते आहे. मळमळ, पाठदुखी, पायांवरची सूज यांबद्दल त्या मोकळेपणाने बोलतात. खोकताना किंवा हंडा उचलताना लघवी सुटते, हे मात्र खालच्या आवाजात, नाव न घेता सांगतात. म्हणून त्यावरचा उपायही कुणी विचारत नाही.

हा अबोला आपल्या विदर्भात एकदा मोजला गेला आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास गळतीपुरता नव्हता, पण बाई सहन करते म्हणजे ती निरोगी आहे हा आपला समज त्याने खोटा ठरवला.

ओटीपोटाच्या तळाशी, समोरच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. गरोदरपणात तिच्यावरचा भार वाढतो, संप्रेरकांमुळे ती सैलावते, आणि शिंकेचा दाब तिला पेलवत नाही.

या स्नायूंना बळ देणारा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडला. हठयोगातला मूलबंधही याच भागाचं आकुंचन सांगतो. मात्र त्यातलं श्वास रोखणं गरोदरपणी टाळावं.

कृती सोपी आहे. लघवी आणि वारा एकदमच रोखायचा असल्यासारखं आतून वर आवळावं. पोट, मांड्या सैल आणि श्वास चालू ठेवावा. काही सेकंद धरून तेवढाच वेळ सोडावं. हळूहळू १० सेकंदांपर्यंत जावं. असं ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा. शिंकण्याआधी, ओझं उचलण्याआधीही आवळावं. लघवी करताना ती मध्येच अडवण्याचा सराव करू नये. गळती सुरू होण्याआधीच व्यायाम केला तर शेवटच्या महिन्यांतला धोका कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. सुरू झालेल्या गळतीबाबत पुरावा इतका ठाम नाही. म्हणून लवकर सांगणं महत्त्वाचं.

गळतीच्या भीतीने पाणी पिणं कमी करू नये. त्याने लघवीचा संसर्ग बळावतो. जळजळ, ताप किंवा न थांबणारं पाणी जात असेल तर तडक दवाखाना गाठावा. ते गर्भजलही असू शकतं.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहिलं जातं. त्याच वेळी ‘लघवी सुटते का गं?’ एवढं विचारायला पैसा लागत नाही. सासूने, जावेने, आशाताईने तो प्रश्न आधी घरीच विचारला, तर दवाखान्यात उत्तर देताना तिची मान खाली जाणार नाही.