माडीवरील कालिचरण

गेल्या दिवाळींत आमच्या माडीवरून असा कल्लोळ उठला कीं, वडील बंधूंचा जप मध्येंच थांबला. शोध करितां कळलें कीं, नातवानें मुंबईहून आणलेलें तें संगीत होतें! 'द लाइटइयर्स एक्सप्लोड' या मुंबईच्या तिघां तरुणांच्या रॉक बँडनें २०१३ सालीं काढलेला 'द रिव्हेंज ऑफ कालिचरण' हा पहिला गीतसंग्रह. पदें इंग्रजी, नांवांत मात्र कालिचरण. आमच्या पिढीस त्या नांवानें १९७६ सालचा सुभाष घई यांचा चित्रपटच आठवावयाचा.

यंत्र जप्त करा, अशी बंधूंची आज्ञा झाली. परंतु उत्तरपत्रिका न वाचतां शून्य गुण देणें आम्हां जुन्या शिक्षकास प्रशस्त वाटेना. नातवास म्हटलें, "समजावून सांग."

या तऱ्हेस 'पंक' म्हणतात. न्यूयॉर्कच्या रामोन्स बँडचा पहिला संग्रहहि १९७६ चाच. पदें १४, आणि सारीं मिळून अवघीं २९ मिनिटें! थोडे स्वरमेळ, धांवती लय, आलापास जागा नाहीं. नवशिक्यानेंहि बेलाशक मंचावर उभें राहावें, हा त्यामागील हट्ट. पुढच्याच वर्षीं लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स' व 'क्लॅश' यांनीं त्यांत बेकारीचा आणि राजसत्तेवरचा राग ओतला.

रौद्र रसाचा स्थायी भाव क्रोध, हें आम्हीं पुष्कळ मुलांकडून घोकून घेतलें. पण समोरचा मुलगा कोणावर रागावला आहे, हें कधीं विचारलें नाहीं. या खेपेस विचारलें. नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. तो म्हणाला, "मला तें सोडावयाचें नाहीं, आजोबा, पण तिकडे घालतांना मला कोणी विचारलें होतें काय?" आम्ही निरुत्तर झालों.

तालमीवांचून संगीत कसलें, हा बंधूंचा आक्षेप. त्यावर आम्हांस काठीची होळी आठवली. सातपुड्यांतील त्या गांवीं रात्रभर ढोल घुमतात, पावरी वाजते, पाडेच्या पाडे नाचतात. कोणीं गंडा बांधला आहे काय, अशी तेथें पृच्छा होत नाहीं. याच मुलखांत जन्म काढून आम्हीं त्यास गोंगाट म्हटलें, याची आतां लाज वाटते.

संग्रह सर्वस्वीं आवडला असें मात्र म्हणवत नाहीं. शब्द अर्धे कळले, आणि तिसऱ्या पदाला डोकें दुखूं लागलें. तरी शेवटपर्यंत बसलों. बंधूंनीं यंत्र जप्त केलें नाहीं, जपाची वेळ तेवढी नेमून दिली. ती टळली कीं, सुटी संपेपर्यंत नातू जिन्यावरून आम्हांस हांक मारी.