शास्त्रदानाची नवी पाणपोई

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार आपल्या परंपरेने सांगितले आहेत. यांपैकी शास्त्रदानास आपल्या पूर्वजांनी किती मान दिला, याची साक्ष देशभरची जैन ग्रंथभांडारे आजही देत आहेत. व्यापारात मिळविलेल्या द्रव्यातून त्यांनी पोथ्या लिहवून घेतल्या आणि त्या स्वतःच्या घरी कुलपात न ठेवता भांडारांत ठेविल्या. हल्ली शाळेचा प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, जमिनीचा उतारा, बाजारभाव, नोकरीची जाहिरात ही सर्व माहिती इंटरनेटच्या वाटेने येते. ज्याला त्या वाटेने जाता येत नाही, त्याच्यासाठी आम्हां व्यापाऱ्यांना काय करता येईल, याचा विचार येथे मांडावयाचा आहे.

प्रारंभीच एक आक्षेप पुढे येईल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ती मूठभरांची चैन होती. आज मोबाईल घरोघर आहे, मग सार्वजनिक सोय हवी कशाला? परंतु ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलीला विचारावे. रिचार्ज संपलेल्याला विचारावे. लांबलचक अर्ज तळहाताएवढ्या पडद्यावर भरताना मोतीबिंदूने मंद झालेल्या दृष्टीशी झगडणाऱ्या निवृत्तास विचारावे. आमच्या शिवाजी नगरात सरकारी निवासस्थाने आहेत, तशीच तेथे राबावयास येणारी माणसेही आहेत. दोघांची गरज एकच आहे.

या कामी आमच्याच प्रांताने एकदा देशाला वाट दाखविली होती. जानेवारी २००० मध्ये, एके काळी पवारांचे संस्थान असलेल्या धार जिल्ह्यात, ‘ज्ञानदूत’ हे जाळे सुरू झाले. आदिवासीबहुल भागातील गावांत ‘सूचनालये’ निघाली. तेथे स्थानिक तरुण ‘सूचक’ म्हणून बसे आणि संगणकावरून शेतकऱ्यास मंडीचे भाव पाच रुपयांत, जमिनीच्या नोंदीची नक्कल पंधरा रुपयांत देई, तर दहा रुपयांत सरकारदरबारी तक्रार नोंदवी. उपकरणांचा खर्च बव्हंशी पंचायतींनी आणि स्थानिकांनी उचलला. त्याच वर्षी या प्रयोगास स्टॉकहोम चॅलेंज हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

पुढे मात्र अडचणी आल्या. वीज जाई, दूरध्वनीची तार बंद पडे, मिळकत अपेक्षेहून कमी होई. शिवाय संगणकाने तक्रार क्षणात पोचविली, तरी ती वाचून निकाली काढणारा अधिकारी तितकाच तत्पर असेल, याची हमी संगणक देऊ शकत नव्हता.

महाराष्ट्रातील वारणेचा अनुभवही बोधप्रद आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी परिवारात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी संगणककेंद्रे निघाली. योजनेत नानाविध सेवांचे बेत होते. प्रत्यक्षात टिकला तो एक व्यवहार : उसाचे वजन, तोडणीची परवानगी आणि बिलाचा हिशोब. काही वर्षांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या लघुसंदेशांवर तेच काम करून पाहण्यात आले, आणि ते कमी खर्चात झाले. साधन बदलले, गरज तीच राहिली. लोकांच्या नित्याच्या व्यवहारास जे उपयोगी पडते आणि ज्याची जबाबदारी जवळच्या माणसाने घेतलेली असते, तेच जाळे टिकते, असा या दोन्ही प्रयोगांचा निष्कर्ष आम्ही काढतो.

येथे व्यापाऱ्याच्या मनातील एक शंकाही मोकळेपणाने बोलली पाहिजे. भाव सर्वांनाच कळू लागले, तर आमचे काय होईल? २००० सालीच आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ‘ई-चौपाल’ सुरू केली आणि शेतकरी घर सोडण्यापूर्वीच दर पाहू लागला. त्यानंतर मंडीतही सोयाबीनचा भाव वाढला, असे संशोधनात आढळून आले. ज्यांचा नफा दुसऱ्याच्या अज्ञानावर उभा होता, त्यांना ही झळ लागली असेल. परंतु तत्त्वार्थसूत्राने अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे देण्याघेण्याची मापे कमीअधिक ठेवणे, गणले आहे. भाव लपविणे हेही एका परीने खोटे मापच नव्हे काय? चोख माल, खरे वजन आणि दिलेला शब्द यांवर ज्याची पेढी उभी आहे, त्याला गिऱ्हाईक शहाणे झाल्याचे भय नाही.

आजची परिस्थिती पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली. तीनुसार किराणा दुकानदार किंवा चहावाला आपल्या दुकानातून सार्वजनिक वाय-फाय पुरवू शकतो. त्यासाठी त्याला परवाना, नोंदणी अथवा शुल्क लागत नाही. ब्रॉडबँडची जोडणी घ्यावयाची, यंत्र बसवावयाचे आणि अशा दुकानांचे व्यवस्थापन करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेशी जोडून घ्यावयाचे, इतकेच. जोडणीचे चढे दर ही पुष्कळ दिवसांची अडचण होती. दूरसंचार नियामकाने २०२५ साली त्यांवर मर्यादा घातली.

मोठ्यांच्या औदार्यावर विसंबण्यापेक्षा स्वतःची सोय असलेली बरी. भोपाळ स्थानकावर २०१६ साली रेलटेल आणि गूगल यांनी मोफत वाय-फाय आणले. २०२० मध्ये गूगलने आपले अंग काढून घेतले. रेलटेल होती, म्हणून सेवा चालू राहिली. २०१६ सालचेच आणखी एक स्मरण येथे उचित ठरेल. ‘स्मार्ट सिटी’साठी प्रथम शिवाजी नगर आणि तुलसी नगर निवडले गेले होते. वृक्षतोडीच्या भयाने नागरिकांनी विरोध केला आणि योजना तात्या टोपे नगराकडे वळली. जी वस्ती आपली झाडे राखू शकते, तिला आपले एक लहानसे केंद्रही चालविता येईल.

यास्तव आमची सूचना अगदी साधी आहे. संघाने एक खोली, दोन संगणक, एक छपाईयंत्र आणि वाय-फाय यांची सोय करावी. सायंकाळी ठरावीक वेळी मानधनावर एक जाणता तरुण किंवा तरुणी तेथे बसावी. दरपत्रक दारावर लावावे. विद्यार्थ्यांकडून काही घेऊ नये. बसण्याची जागा मोकळी, सर्वांच्या नजरेसमोर असावी, म्हणजे मुलींना व वृद्धांना संकोच वाटणार नाही. आपला ओटीपी कोणालाही सांगू नये आणि सार्वजनिक जोडणीवर बँकेचे व्यवहार करू नयेत, एवढे शिक्षण येणाऱ्या प्रत्येकास द्यावे. जात, धर्म वा भाषा कोणी विचारू नये.

उन्हाळ्यात पाणपोई घालणे आपल्याला नवीन नाही. पण पाणपोईचे पुण्य उद्‌घाटनाच्या हारतुऱ्यांत नसते. ते रोज रांजण भरण्यात असते. म्हणून बंधुभगिनींनो, हे केंद्र निघालेच, तर त्याचा वर्षाचा जमाखर्च आणि किती जणांचे काम झाले त्याची मोजदाद पुढील स्मरणिकेत छापावी. तो आकडा लहान असला तरी चालेल, मात्र खरा असावा.